तोलासाठी सुरत

आमच्याकडचे लोक सुरतेला लग्नाचा बस्ता बांधायला जातात, नाहीतर कापडाच्या मागावर कामाला. मी कानात आवाज सोडून घ्यायला गेले. परत आल्यापासून दोंडाईच्यातले ओळखीचे, अनोळखी लोक मला गाठून विचारतात, की खरंच का हो बाई, आवाजाने चक्कर जाते? कुणाची आई अंथरुणाला खिळलेली असते, कुणाचा नवरा. प्रत्येकाला वेगवेगळं सांगता सांगता माझं सांगणंच बदलायला लागलं. समोरचा चेहरा पाहून मी जरा गोड करून सांगू लागले. म्हणून एकदाच, जसं झालं तसं लिहून काढते.

मी शाळेत मल्लखांब शिकवायचे. पोरींना दोरीचा, पोरांना पुरलेला. स्वतःही करून दाखवायचे. वयाची पंचेचाळिशी आली तरी खांबाच्या बोंडावर उभी राहून हात जोडायचे. मग मूत्रपिंडाला संसर्ग झाला, ताप उतरेना, दवाखान्यात इंजेक्शनांचा कोर्स झाला. ताप गेला. घरी येऊन पहिल्यांदा न्हाणीत डोक्यावरून पाणी घेतलं, साबण डोळ्यांत जाईल म्हणून डोळे मिटले आणि सरळ भिंतीवर जाऊन आदळले.

तेव्हापासून डोळे मिटले की मी पडते. अंधार झाला की पाय कुठे आहेत ते कळत नाही. चालायला लागले की समोरची दुकानं, माणसं, पाट्या सगळं उड्या मारतं. थांबून उभी राहिले की मगच पाटी वाचता येते. आधी अशक्तपणा म्हणाले, मग मणका, मग पित्त. शेवटी नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, की कानाच्या आत ऐकण्याच्या भागाला लागून तोल सांभाळणारा भाग असतो, तो इंजेक्शनाच्या औषधाने जळाला. जीव वाचवायला ते औषध द्यावंच लागलं असेल. जळालेलं परत येत नाही. डोळ्यांवर आणि तळपायांवर भिस्त ठेवायला शिका, व्यायाम करा. केले. भिंत धरून स्वयंपाक जमू लागला, बाजार जमेना. एकदा मिरचीबाजारात मी झोकांडी खाल्ली तेव्हा एका बाईने आपल्या पोराला माझ्यापासून बाजूला ओढलं. भर सकाळी प्यायले आहे असं वाटलं असणार तिला.

शाळेत मला कार्यालयात बसवलं होतं. मुख्याध्यापक भले गृहस्थ. त्यांनी फार सावकाश शब्दांत सांगितलं, की उन्हाळ्यानंतर मल्लखांबाला दुसरं कुणी घ्यावं लागेल. मी एकटी राहते. पोरी सोडल्या तर मला फारसं कुणी नाही.

अशात भगवानच्या घरून फोन आला. भगवान माझा मावसभाऊ, माझ्याहून लहान. लग्न झाल्या झाल्या सुरतेला गेला तो तिकडेच मागावर राहिला. त्यांना कळलं होतं, की तिथे एक कानाच्या डॉक्टरबाई कानात घुमणारा आवाज सोडून तोल सुधारतो का हे पाहताहेत. मी तयार होण्याआधीच तो मला न्यायला दारात उभा होता.

उधना

गाडीचं काय सांगायचं? खिडकी मिळाली, नवापूरला निम्मं स्टेशन महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत असतं ते भगवानने हौसेने दाखवलं, चलथाण आलं तसा साखर कारखान्याच्या मळीचा वास डब्यात शिरला. मग उधना आलं.

भगवान राहतो त्या डिंडोलीला जायचं तर उधन्याला उतरतात. तिथला पादचारी पूल मी चढून गेले, कारण चढताना पायरी डोळ्यांसमोर असते. वर पोचून खाली पाहिलं आणि जिना हलायला लागला. गर्दी पाठीमागून ढकलत होती. भगवान म्हणाला माझा खांदा धर, पण त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या. मी कठड्याला धरून पहिल्याच पायरीवर बसले आणि लहान पोरं उतरतात तशी बसून बसून उतरू लागले. भगवान माझ्या मागे पाय फाकवून आडवा उभा राहिला, पिशव्या दोन बाजूंना धरून. लोक त्याला शिव्या देत बाजूने जात होते. त्यातल्या निम्म्या त्याला ऐकू आल्या नसतील. मागाच्या खटखटाटात आयुष्य गेलं त्याचं. समोर उभं राहून, ओठ दाखवून बोललं तरच त्याला कळतं.

खाली पोचले तेव्हा माझं लुगडं मागून काळं झालं होतं. रिक्षावाल्याने गुजरातीत विचारलं, भगवानने हिंदीत उत्तर दिलं आणि मला अहिराणीत म्हणाला, "बठ, आक्का." तिन्ही भाषा एका श्वासात.

डिंडोली

डिंडोलीत उतरल्यावर परक्या मुलखात आल्यासारखं वाटेना. शेवभाजीचा तर्रीदार वास, ओट्यावर मसाला वाटणाऱ्या बाया, धुळ्या-जळगावकडच्या आडनावांची दुकानं. फक्त गल्लीत खेळणारी पोरं भांडत होती ती गुजरातीत. त्यांच्या आया त्यांना अहिराणीत ओरडत होत्या आणि पोरं गुजरातीतच उलट बोलत होती.

भगवानचं घर दोन खोल्यांचं. त्याची बायको रेखा बाहेरच्या खोलीत साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम घेते. पलंगाखाली, फळीवर सगळीकडे साड्यांचे गठ्ठे. मी येणार म्हणून तिने एक काम करून ठेवलं होतं. एका जुन्या साडीला पीळ देऊन तिची दोरी केली होती आणि ती पलंगापासून मोरीपर्यंत, खिळ्याखिळ्याला गाठी मारत, कमरेएवढ्या उंचीवर बांधून टाकली होती.

"हाई दोरी धरीसन चालजो आक्का," ती म्हणाली. "घाबरू नको."

माझ्यासाठी आजवर कुणी न सांगता इतकं नेमकं काही केलं नव्हतं. मी दोरी धरून मोरीत गेले आणि तिथे रडून घेतलं.

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी होती, पीठ गावाकडून आणलेलं, आणि मिरचीचा ठेचा. डाळ मात्र गोड लागली. रेखाला विचारलं तर ती लाजली. म्हणाली, शेजारणींचं पाहून तसा हात बसला, आता गूळ न घातलेली डाळ पोरांना चालत नाही. गावी गेली की सासू नावं ठेवते म्हणून तिथे आठवणीने तिखट करते.

दवाखाना

डॉक्टरबाई गुजराती, पण निम्मे पेशंट खानदेशी असल्यामुळे मोडकंतोडकं मराठी बोलत. पन्नाशीच्या असतील. बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे पाहत आणि घाई करत नसत. त्यांनी पहिल्यांदाच सांगून टाकलं, की ही पक्की झालेली उपचारपद्धत नाही. जगात काही ठिकाणी लोक तपासताहेत, त्याही तपासताहेत. गुण येईलच असं त्या म्हणणार नाहीत.

मला त्यांनी समजावलं ते असं. कानाच्या आत, ऐकण्याच्या शंखाशेजारी दोन बारीक पिशव्या असतात. त्यांत केसांसारखे तंतू आणि तंतूंवर वाळूसारखे कण. आपण वाकलो, पुढे गेलो की कण सरकतात, तंतू वाकतात आणि मेंदूला खबर जाते. विशिष्ट खोल आवाज कानात सोडला तर तो हवेच्या लाटेने या पिशव्यांनाही हलवतो. तिथे काही जिवंत उरलं असेल तर त्याला असं हलवून जागं करता येईल का, एवढाच प्रश्न आहे. काहीच जिवंत नसेल तर नुसता आवाज.

आधी ते पाहायचं होतं. मानेच्या स्नायूवर चकत्या चिकटवल्या, मान वळवून धरायला लावली आणि कानात टकटक आवाज सोडला. उजव्या कानाची रेघ पडद्यावर सरळच राहिली. डाव्या कानाची रेघ जराशी वाकली. मला ती वाकलेली दिसलीही नाही, बाईंनी बोट ठेवून दाखवली. "अहियां," त्या म्हणाल्या, "इथे थोडं काही आहे."

रेघेचा तो इवलासा बाक मी पोटाशी धरून बाहेर आले.

उपचार म्हणजे असा. पायाखाली एक फळी, ती माझं हलणं मोजते. फळीवर जाड स्पंज, म्हणजे तळपायांना नीट काही कळू नये. छतावरून लोंबणारा पट्टा छातीभोवती, पडले तर झेलायला. मी पोरींना दोरीवर चढवताना खाली हात पसरून उभी राहायचे. इथे मला पट्ट्यात बांधत होते. डाव्या कानात यंत्र. त्यातून एक खालच्या पट्टीतला, लांबून येणाऱ्या भोंग्यासारखा घूं आवाज. तो थोडा वेळ ऐकायचा, मग डोळे मिटून उभं राहायचं.

आणखी एक गोष्ट बाईंनी सांगितली होती. आवाज दोन तऱ्हेचे आहेत. ऐकायला दोन्ही सारखेच घुमणारे, पण एक त्या पिशव्यांपर्यंत पोचेल असा केलेला आणि दुसरा नुसता ऐकू येणारा. कुठल्या दिवशी कुठला, हे मला कळणार नाही आणि त्यांनाही कळणार नाही. यंत्रात आधीच बसवलेलं आहे. शेवटी उघडून पाहायचं. नाहीतर गुण आवाजाचा की मनाचा, हे कसं ठरवणार? मी मान हलवली. ऐकलं होतं मी ते, पण माझं सगळं ध्यान त्या वाकलेल्या रेघेवर होतं.

पहिल्या दिवशी डोळे मिटताच पट्ट्याने मला झेललं. दुसऱ्या दिवशीही.

बाहेर बाकावर एक सुरती म्हातारी भेटली, पांढरी साडी, हातात डबा. सगळे तिला बा म्हणत होते. तिलाही चक्कर. कूस बदलली की खोली फिरायची, म्हणून कित्येक दिवस बसूनच झोपत होती. मला डब्यातलं खमण देऊन ती आत गेली. दार उघडंच होतं. बाईंनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरून तिला आडवं केलं, मान एका बाजूला, मग दुसऱ्या, मग कुशीवर, मग उठवून बसवलं. म्हातारी आधी ओरडली, मग गप्प झाली, मग हसायला लागली. तिचे नुसते कण जागा सोडून भरकटले होते. ते जागेवर बसवले की झालं. ती चालत बाहेर आली, काठी बाकावर विसरून.

"चिंता ना करो बेन," माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "बधुं सारुं थई जशे." सगळं बरं होईल म्हणे.

मी हसले. मनात मात्र इतकी आग झाली, की तिचं खमण मला गिळवेना. माझ्याएवढीच चक्कर, कानातला तोच इवलासा भाग, आणि तिचा नुसता सरकलेला, माझा जळालेला.

पोंक

तिसऱ्या दिवशी मी उभी राहिले.

डोळे मिटले, पण पट्टा ओढला गेला नाही. पायांखाली स्पंज हलत होता आणि मी त्याच्यावर होते. कानात तो आवाज नुकताच थांबलेला. मला वाटलं, खांबाच्या बोंडावर उभी आहे. सहाय्यक मुलीने "बस" म्हटल्यावरच डोळे उघडले. पडद्यावर हलण्याची रेघ आदल्या दिवसाच्या निम्मीही नव्हती. बाईंनी ती पाहिली आणि फक्त लिहून घेतली. 

भगवान बाहेर होता. मी त्याचा चेहरा समोर धरून म्हटलं, उभी राहिले. त्याला एका फटक्यात कळलं. त्याने रिक्षा केली ती घरी नेलीच नाही, तापीकाठी नेली. थंडीचे दिवस होते आणि तिथे पोंकाचे मांडव लागले होते. पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडाच. पण आपण शेतात आगटी पेटवून, कणीस हातावर चोळून, तोंड काळं करून खातो. सुरतेत तो भाजून, पाखडून, हिरव्या मोत्यांसारखा स्वच्छ करून तागडीत तोलून देतात. सोबत लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेच्या गोळ्या. हुरड्याबरोबर साखर, हे आमच्याकडे कुणी ऐकून घेणार नाही. पण गोड लागला. सगळंच गोड लागलं. पोंकाचे वडे खाल्ले, पुडा बांधून घेतला.

तापी माझ्या ओळखीची नदी. आमच्याकडे ती खडकांतून, वाळूतून जाते, उन्हाळ्यात कोरडी पडते. इथे समुद्राजवळ येऊन रुंद, मातकट, दमलेली झाली होती. भगवान म्हणाला, पोरींना पुढच्या वर्षी स्पर्धेला सुरतेला आण, आम्ही पाहायला येऊ. मी कुठली पोरगी कुठल्या पकडीत कच्ची आहे ते त्याला सांगत सुटले. त्याला निम्मंच कळत होतं, तरी तो मान हलवत होता.

घरी आल्यावर मी मोरीपर्यंत दोरी न धरता गेले. रेखा हातातली साडी टाकून बघत राहिली.

कारखाना

दुसऱ्या दिवशी रविवार, दवाखाना बंद. भगवानची पाळी होती. मी म्हटलं, मला तुझा कारखाना दाखव. त्याला नवल वाटलं, कारण नात्यातल्या कुणी बाईने आजवर ते मागितलं नव्हतं. रेखाही कधी आत गेली नव्हती.

त्याला मी खरं कारण सांगितलं नाही. कानात सोडलेल्या चिमूटभर आवाजाने मी उभी राहिले, तर एवढ्या मोठ्या आवाजात काय होईल, हे मला पाहायचं होतं. आता लिहिताना हे वेड्यासारखं वाटतं. त्या सकाळी सगळ्यांत शहाणपणाचं वाटत होतं.

पत्र्याच्या शेडमध्ये पाय टाकला आणि आवाज छातीवर येऊन बसला. रांगेने माग, प्रत्येकात धागा वाहणारा धोटा इकडून तिकडे फेकला जातोय, जमीन तळपायांतून थरथरतेय. बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही. माणसं हातवाऱ्यांनी बोलत होती आणि भगवान इथे कुणाहूनही कमी नव्हता. दोन मागांमधल्या वीतभर वाटेतून तो मागेही न पाहता, खांद्यावर सुताचं ओझं घेऊन सरळ चालत गेला. त्याचे कान गेले आणि तोल शाबूत आहे. माझे कान सुई पडल्याचा आवाज टिपतात.

त्याने मला एका खांबाशी उभं केलं आणि हात धरून बजावलं, इथून हलायचं नाही. तो तुटलेला धागा जोडायला वळला. मी डावा कान मागाकडे केला. डोळे मिटले. आणि खांब सोडला.

क्षणभर खरंच काही वाटलं. मग काहीच वाटेना, वर-खाली काही उरलं नाही, आणि मी चालत्या मागावर पडले. हात चौकटीवर आपटला. पुढचं मला नीट कळलं नाही. भगवानने एका हाताने माग बंद केला आणि दुसरा हात माझ्या आणि धोट्याच्या मध्ये घातला होता. त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलली गेली. विणत असलेलं कापड फाटलं. मुकादम धावत आला, हातवारे करून भांडू लागला. भगवानने जमिनीवरचं तेल दाखवलं. त्याने सांगितलं असणार, की बहीण तेलावरून घसरली. मुकादम माझ्याकडे पाहून थांबला, मग दाराकडे बोट केलं.

बाहेर नळावर मी त्याचा हात धुतला. माझं मनगट सुजलं होतं.  मग मीच त्याच्या समोर होऊन म्हटलं, की मला वाटलं आवाजाने जमेल. तो माझ्या ओठांकडे पाहत राहिला, जणू आणखी काही यायचं आहे. मग म्हणाला, "मी इतला साल ऐकी राहिनू तो आवाज. त्यानी कोनलेच बरं करं नही."

शेवटचा दिवस

सोमवारपासून पुन्हा स्पंज, पुन्हा पट्टा. मनगटाला पट्टी बांधून गेले. बाईंनी विचारलं तर मोरीत पडले म्हटलं. मी त्या तिसऱ्या दिवसासारखी उभी राहायची वाट पाहत होते. कधी जरा बरं होई, कधी डोळे मिटण्याआधीच पाय सुटत. मी स्वतःला सांगत होते, की आज बहुतेक तो नुसता ऐकू येणारा आवाज असेल, खरा उद्या असेल.

सगळं संपल्यावर बाईंनी मला आत बोलावलं. भगवान दाराशी उभा होता. त्यांनी यंत्रातल्या नोंदीचं उघडलेलं पान समोर ठेवलं, प्रत्येक दिवसाच्या रेघा दाखवल्या आणि त्या हलक्या आवाजात, जवळ वाकून बोलल्या. ज्या दिवशी मी उभी राहिले, त्या दिवशी कानात तो दुसरा आवाज होता. पिशव्यांपर्यंत न पोचणारा. खरा आवाज ज्या दिवसांत होता, त्या दिवसांत आणि बाकीच्या दिवसांत काही फरक नव्हता.

मी विचारलं, की मग मी उभी कशी राहिले?

"ते तुम्ही होता," त्या म्हणाल्या. "तुमचे पाय, तुमचं मन. खोटं नव्हतं ते."

पुढे त्या बरंच बोलल्या. डाव्या कानात जे उरलंय ते फार थोडं आहे. इतर काही जणांना थोडा फायदा दिसतोय, पण त्यांचं माझ्याइतकं गेलेलं नाही. व्यायाम सोडू नका. काठी वापरायला लाजू नका. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण त्या मला उठवायची घाईही करत नव्हत्या. त्यांच्यावर मला राग धरता येईना, आणि राग धरता आला असता तर बरं झालं असतं. मी जर स्वतःच उभी राहिले असेन, तर त्या तिसऱ्या दिवशी मला उभं केलं ते आशेने. ती तर याच पानावर संपली होती. उद्या डोळे मिटून मी कशाच्या आधारावर उभी राहणार?

बाहेर आले. ओसरीत बाकांवर माणसं दाटीने बसली होती. भगवानने माझा दंड धरला.

"काय म्हनी ती? माले ऐकू नही वनं."

मी ओठ हलवले. माझे ओठ थरथरत होते, त्याला वाचता येईनात. त्याने कान पुढे केला. "जोरमा बोल, आक्का."

"उपयोग नाही झाला."

"काय?"

तेव्हा मी ओरडले. त्या भरल्या ओसरीत, सगळ्यांसमोर, पोरींना मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून हाक मारायचे त्या आवाजात. "उपयोग नाही झाला, भगवान! मला आवाजाने काही होत नाही!"

सगळे वळले. एका बाईने मांडीवरच्या पोराला जवळ घेतलं. डॉक्टरबाई दारात आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. त्या बाकांवर बसलेल्यांतले काही जण त्याच आवाजासाठी आले होते.

भगवानला ऐकू आलं. त्याने मान हलवली आणि विचारलं, "मंग त्या दिनले तू उभी राहिनी व्हती ना?"

त्याचंही उत्तर ओरडूनच द्यावं लागलं असतं. तेवढा दम माझ्यात नव्हता. मी त्याचा सोललेला हात बाजूला करून दुसरा धरला आणि आम्ही रिक्षाकडे निघालो.

परत

रेखाने दोरी सोडली नव्हती. म्हणाली राहू दे, तू पुन्हा येशील. पुन्हा कशाला, ते दोघींनाही माहीत नव्हतं. तिने पोंकाचा पुडा आणि न विकलेली टिकल्यांची एक साडी पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी भगवान सुट्टी टाकून मला पोचवायला निघाला.

गाडीला अतोनात गर्दी. कुठल्याशा लग्नाचं अख्खं वऱ्हाड चढलेलं. भगवान दाराकडच्या बाजूला अडकला आणि मी आत, बाकाच्या कडेची दांडी धरून उभी. बारडोली गेलं, व्यारा गेलं. गाडी वळणांवर कलली की सगळा डबा कलायचा. दांडगे पुरुषही वरची कडी पकडून इकडेतिकडे झुलत होते, कुणी कुणावर आदळत होतं, माफी मागत होतं, हसत होतं. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. पाहण्यासारखं वेगळं काही मी करतच नव्हते.

माझ्या शेजारी एक बाई होती, कडेवर तान्हं मूल आणि पायाशी बोचकं. तिला धरायला काहीच नव्हतं. एका झोक्याला ती माझ्यावर आली आणि म्हणाली, "मावशी, तुमाले धरू का जराक?" मी हो म्हटलं. तिने माझा खांदा घट्ट पकडला. नवापूरपासून पुढचा सगळा रस्ता ती मला धरून उभी होती. पोरगं झोपलं, त्याचं डोकं माझ्या मानेवर आलं. मी दोन्ही हातांनी दांडी आवळून ठेवली होती. माझं सुजलेलं मनगट ठणकत होतं आणि मला वाटत होतं, हा रस्ता असाच चालावा.

दोंडाईचा आलं. गाडी थांबली. बाईने माझा खांदा सोडला, बोचकं डोक्यावर घेतलं, पोराला सावरलं आणि दोन्ही हात गुंतलेले असताना, कशालाही न धरता, फलाटावर उतरून सरळ चालत गेली. वऱ्हाडही उतरलं. डबा रिकामा होत गेला. झुलणारी सगळी माणसं जमिनीवर पाय ठेवताच आपापल्या चालीने चालायला लागली होती.

मी दांडी धरून उभी होते. खालून भगवान हात पुढे करून हाका मारत होता. गाडी स्थिर होती, आता मला उतरायचं होतं.